मेलेला म्हातारा हलतो

दत्ताकाकांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते मेलेले होते.

नाहूरच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते. दुपारची वेळ होती. धुतलेल्या चादरींची बादली घेऊन मी गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक गृहस्थ उताणे पडलेले. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर, दुसरा लांब फेकल्यासारखा. डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत काहीच नव्हतं. मी हाक मारली, दोनदा मारली. एक माशी त्यांच्या गालावरून चालत ओठापर्यंत गेली, तिथे जरा रेंगाळली आणि उडून गेली. तेव्हा मात्र बादली तिथेच सोडून मी धावत खाली आले. सोसायटीत ओळखीचं असं एकच दार होतं, आमच्या समोरचं. ते ठोठावलं. परबकाकू कणीक मळत होत्या.

"गच्चीवर कोणीतरी गेलेत," मी कसंबसं म्हणाले.

"निळी लुंगी आहे?"

"हो."

"मग आमचेच ते. बस गं. चहा टाकते, उठतील आता."

आणि खरंच, चहाला उकळी फुटली तसे निळ्या लुंगीतले ते गृहस्थ जिना उतरून आले, माझी बादली हातात घेऊन. "घाबरलंस काय गो बाय?" म्हणाले. चेहऱ्यावर इतका आनंद की जणू मी त्यांना कसलं तरी बक्षीस दिलं होतं. नंतर कळलं, ते तसंच होतं. ओळखपाळख नसलेला माणूस फसला म्हणजे मरण पक्कं झालं, असा त्यांचा हिशेब होता.

दत्ताराम परब सिनेमात मरायचे. महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी आणि सुट्टी टाकून मरण, असं त्यांचं आयुष्यभर चाललं. वडील कोकणातून गिरणीत आले, हे गिरणी कामगारांच्या नाटकांतून सिनेमात गेले आणि तिथे पहिल्याच दिवशी गोळी लागून पडले. इतके बरे पडले की पुढे त्यांना कोणी उभं राहूच दिलं नाही. हवालदार, रखवालदार, बँकेचा शिपाई, हिरोचा बाप. सिनेमा सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली की काका जायचे. "मी पडलो की पिक्चर उभा राहतो," असं ते म्हणत, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे.

तक्रार काकूंची होती. नातेवाईक सिनेमाला उशिरा पोचत. वडे घ्या, खुर्ची शोधा, मोबाइल बंद करा, हे सगळं होईपर्यंत काका मेलेले असत. मग मुलुंडच्या नणंदबाई फोन करून विचारत, "वहिनी, दत्तू नक्की होता ना त्यात?" शेवटी नावांची यादी धावायची तीही इतकी भरभर, की काकूंनी उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव पडद्यावर धड वाचलेलं नव्हतं. काकांना त्याचं काही नव्हतं. काकूंना होतं. एकदा तरी ते नाव सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत, सगळे आपापल्या खुर्चीत बसलेले असताना यावं, एवढीच त्यांची इच्छा. त्या ती कोणाला सांगत नसत, पण आम्हा सगळ्यांना ती ठाऊक होती.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. दुपार माझी मोकळी असते आणि निवृत्त झालेल्या काकांची दुपार गच्चीवर जायची, त्यामुळे त्यांचं मरणशास्त्र मला बऱ्यापैकी शिकायला मिळालं. आमच्या गच्चीवरून एका बाजूला खाडीकडचा पांढुरका उजेड दिसतो आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. ऐन दुपारी ते दोन्ही इतके पुसट होतात की आपण जागे आहोत की झोपेत, हे सांगता येत नाही. त्या वेळी काका जास्त चांगले मरतात, असं त्यांचं मत होतं.

"श्वास पोटात नाय घ्यायचा, पाठीत घ्यायचा," ते सांगत. "पाठ जमिनीला टेकलेली. कॅमेऱ्याला काय दिसणार?" सोसायटीतली पोरं सुट्टीत त्यांच्याकडे मरायला शिकायला येत. चार-पाच जण ओळीनं मेलेले आणि काका त्यांच्यामधून फिरताहेत, असं दृश्य मी कित्येकदा बघितलंय. ज्याला दम धरता येत नसे त्याच्याजवळ बसून ते त्याच्या तळहातावर बोटानं टिचकी मारत. एक टिचकी म्हणजे धर. दोन म्हणजे सोड. "डोळे मिटलेले असले तरी हाताला कळतं," म्हणायचे. आणि शेवटी, काही झालं तरी चुकायचं नाही असं एक काम असे. सगळ्यांनी उठायचं, समोर बघायचं, हात जोडायचे आणि हसायचं. खोटं हसू चालत नसे. एखादा न हसता पळाला तर त्याला जिन्यातून परत आणत.

ह्याला ते उठवणं म्हणत. जुन्या युनिटमध्ये तसा रिवाजच होता म्हणे. पडद्यावर मेलेल्या नटाला शॉट संपला की कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावायचं, म्हणजे अशुभ धुऊन जातं. पुढे धावपळ वाढली आणि रिवाज मागे पडला. काकांनी एकट्यानं धरून ठेवला. लाईटवाले दिवे विझवत असायचे, केबल गुंडाळत असायचे, आणि हा माणूस बंद कॅमेऱ्यासमोर उभा राहून हात जोडून हसत असायचा. त्यांना येडा परब म्हणत. ते त्यांना माहीत होतं.

मी एकदा जरा तिरकसपणे विचारलं, "काका, तुम्ही इतके अंधश्रद्ध असाल असं वाटलं नव्हतं."

तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली. आई गावी. तिनं उभ्या जन्मात नाटक बघितलं ते दशावताराचं. त्यात देव राक्षसाला मारतो, राक्षस धाडकन पडतो, आणि जरा वेळानं आपणच उठून, लोकांना नमस्कार करून आत निघून जातो. आईला वाटे, खेळ असाच असतो. गावात कोणाकडे तरी टीव्ही आला आणि एका दुपारी त्यावर तिचा मुलगा गोळी लागून पडला. आई वाट बघत बसली. पडद्यावर गाणं सुरू झालं, बर्फाचे डोंगर आले, हिरो-हिरॉइन नाचायला लागले, तरी ही आपली त्या डोंगरांत मुलाला शोधतेय. सिनेमा संपला तशी ती उठली आणि रडत घरी आली. चार दिवस जेवली नाही. मुलगा जिवंत आहे हे तिला समजत होतं, तसं लोकांनी सांगितलंही. तिचं म्हणणं वेगळंच होतं.

"माझ्या झिलाक कोणीच उठवल्यान नाय," ती एवढंच म्हणत राहिली. माझ्या लेकाला कोणी उठवलंच नाही. काका रजा काढून गावी गेले, अंगणात आडवे झाले, उठले, तिला नमस्कार करून हसले. मग ती जेवली.

"तेव्हापासून," काका म्हणाले, "मी उठल्याशिवाय मरत नाय."

आमच्या तिसऱ्या मजल्यावर समीर राहतो. अंधेरीला एका सिनेमा कंपनीत दिग्दर्शकाचा सहायक आहे. कामाला वाघ, बोलायला त्याहून. काकांशी त्याचा रोजचा वाद. नवे सिनेमे, त्यातली कापाकापी, रक्ताचे सडे हे सगळं समीरला झकास वाटायचं. काकांना ते वाईट वाटायचं, पण भलत्याच कारणासाठी. "हल्ली मरायला वेळच देत नाय रे. धडाधड पन्नास जण पडतात, एकाचंही तोंड दिसत नाय. आमच्या वेळी एक माणूस मरायचा, पण कॅमेरा त्याच्याकडे बघायचा तरी."

गेल्या वर्षी ह्याच समीरनं काकांसाठी एक भूमिका आणली. छोटीबिटी नाही, मुख्य. एक निवृत्त कारकून शांत डोक्यानं माणसं मारत सुटतो, असा सिनेमा. दिग्दर्शकाला ओळखीचा चेहरा नको होता, कोणाच्याही शेजारी राहतो असा म्हातारा हवा होता. तो स्वतः नाहूरला आला. तिशीतला, सभ्य, हळू बोलणारा मुलगा. काकूंनी खुर्च्या कमी पडतात म्हणून मला बोलावलं, खुर्च्यांसकट. त्या दिवशी काकूंनी घावणे केले होते, आणि चटणी मी वाढत होते.

काका सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, ते मी बघितलं. पहिलं नाव तुमचं, असं तो मुलगा म्हणाला तेव्हा काकूंनी ताट खाली ठेवलं.

"आणि शेवटाकडे ते घर," दिग्दर्शक सांगत होता. "आजोबा आणि सात वर्षांची नात. आजोबांना तुम्ही आधीच मारलंय. मग मुलगी बाहेर येते, आणि तुम्ही थांबत नाही. लोकांना वाटतं थांबेल. पण नाही."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं. आणि तिला उठवणार कधी?"

त्याला प्रश्न कळला नाही. समीरनं समजावून सांगितलं, जरा लाजतच. दिग्दर्शक हसला, पण चांगलं हसला. "नाही सर, आम्ही तसं काही करत नाही. मूड तुटतो. त्या दिवशी सेटवर तिच्याशी कोणीच बोलणार नाही. तिला त्या भीतीत ठेवायचंय. खरं दिसायला पाहिजे ना."

"तिची आई?"

"आईनं हो म्हटलंय."

काकांनी घावण्याचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. ते घरच्या बोलीत गेले की समजावं, आता ठरलं. "त्या चेडवाक उठवतलो कोण?" ते स्वतःशीच म्हणाले. त्या मुलीला उठवणार कोण. मग दिग्दर्शकाकडे बघून, हात जोडून, अगदी नम्रपणे, "माका नाय जमाचा."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी भांडी घेऊन आत गेले तर त्या ओट्याशी उभ्या होत्या. काका दारात आले. काकू वळल्या नाहीत.

"इतकी वर्षं मरताय," त्या म्हणाल्या. "एकदा मारलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

काका दारातूनच मागे फिरले. मी भांडी घासत राहिले.

त्याच सुमाराला एका मोठ्या हिरोनं मारधाडीचा सिनेमा नाकारला म्हणून चॅनेलांवर रोज चर्चा. पडद्यावरच्या हिंसेनं मुलं बिघडतात का, कलेला लगाम घालावा का, सहा-सहा खिडक्यांतून माणसं एकमेकांवर ओरडत होती. काकांच्या नकाराची बातमी झाली नाही. नकार द्यायलाही आधी नाव असावं लागतं. आमच्या जिन्यातली चर्चा तेवढी झाली.

"काका, तुम्ही वाट लावलीत यार," समीर म्हणाला. "सगळं खोटं रक्त असतं, तुम्हाला काय मी सांगायचं? बघणारे काय कुकुली बाळं आहेत?"

"बघणाऱ्यांचं मी कुठं काय म्हणतोय? ते तिकीट काढून येतात, बघतात, घरी जातात. जी पडलीय तिचं म्हणतोय मी."

"तुम्ही नाही केलंत तर दुसरा करेल. मुलगी पडणारच ना?"

हे मात्र काकांना लागलं. ते तिथेच पायरीवर बसले. आपल्या नकारानं आपले हात तेवढे स्वच्छ राहिले, त्या मुलीचं काहीच झालं नाही, हे त्यांना तोवर सुचलं नव्हतं. पुढचे आठ दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. नवव्या दिवशी समीरच्या दारात उभे. "त्या मेलेल्या आजोबाचं काम कोण करतोय रे?"

"त्यात काय काम आहे, काका? आधीच मेलाय तो. नुसतं पडायचंय."

"मग ते माझंच."

ज्यात पहिलं नाव आलं असतं, त्याच सिनेमात काका बिननावाचं प्रेत व्हायला गेले. काकू म्हणाल्या, "जा. तुम्हाला कोणी अडवलंय?" पण डबा दिला, आणि डब्यात दोन लाडू जास्त घातले.

शूटिंग बोरीवलीला, उद्यानाला लागून असलेल्या एका जुन्या बंगल्यात झालं. तिथे काय घडलं ते मला समीरनंच सांगितलं. सकाळपासून त्या मुलीशी, जुईशी, कोणी बोललं नाही. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाय हलवत होती, आणि तिचा चेहरा खरोखरच पांढरा पडत चालला होता. दिग्दर्शक खूश होता. मग काका आले, अंगभर लाल रंग, आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर आडवे झाले. कोणी हटकलं नाही. प्रेताला काय हटकायचं? जेवणाच्या सुट्टीतही ते तिथेच पडून होते. समीरला फक्त मुलगी खाली वाकलेली दिसली, आणि काकांचे ओठ हलताना दिसले. त्यानं बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. त्याला मी त्यासाठी बरेच गुण देते.

दुपारी शॉट झाला. मारणारा नट चांगला होता, दिग्दर्शकानं दोनदा टाळ्या वाजवल्या. मुलगी आजोबांच्या शेजारी पडली आणि जराही हललेली कोणाला दिसली नाही. सात वर्षांची पोर इतकी हुबेहूब कशी मरते, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. दिवे विझले. तेव्हा त्या अंधुक खोलीत दोघं उठली, बंद कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी उभी राहिली, हात जोडले आणि हसली. आधी मुलगी हसली, असं समीर म्हणतो.

काका घरी आले तेव्हा कानामागे लाल रंग तसाच होता. काकूंनी ओल्या फडक्यानं पुसला. दार उघडंच असल्यामुळे मला दिसत होतं. काका एवढंच म्हणाले, "उठवलंय." नुसता कान पुसायला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ काकू पुसत राहिल्या.

पुढचं सांगणं मी टाळत आले आहे.

तीनेक महिन्यांनी, अशीच एक दुपार. डोंगर पुसट, खाडीकडे सगळं पांढरं. मी चादरी वाळत घालायला गच्चीवर गेले. काका टाकीजवळ उताणे, निळी लुंगी, एक हात छातीवर. सावली सरकून त्यांच्या तोंडावर ऊन आलं होतं. मी त्यांना हाक मारली नाही. इतक्या वर्षांत मारायची सोडूनच दिली होती. दोरीवर चादर अशी ओढली की त्यांच्या तोंडावर सावली पडावी, चिमटे लावले आणि खाली आले. समोरचं दार उघडं होतं.

"वर मेलेत वाटतं," काकूंनी आतून विचारलं.

"हो."

"चहा टाकते. उठतील आता."

चहा उकळला, गाळला, थंड झाला. काकूंनी तो पुन्हा गरम केला.

डॉक्टर म्हणाले, ते आधीच गेले होते, तुम्ही हाक मारली असती तरी काही झालं नसतं. डॉक्टरांचं बरोबरच असणार. पण मी त्या माणसावर सावली ओढून खाली आले, हे मला अजून सोसत नाही. आणि खाली पटांगणात सगळे जमले तेव्हा, मी शिकलेली बाई, मनातल्या मनात वाट बघत होते. नुसती मीच नाही. शेवटपर्यंत पोरं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि काकांना नेलं तेव्हा त्यांतलं एकही रडलं नाही, इतकी ती चक्रावून गेली होती. काकूही रडल्या नाहीत. त्या नुसत्या गप्प झाल्या, आणि नंतर कितीतरी महिने तशाच राहिल्या. त्यांच्या सासूबाईंसारखंच झालं होतं ते. काकांना कोणी उठवलं नव्हतं.

सिनेमा आला. खूप चालला. पुन्हा चॅनेलांवर खिडक्या उघडल्या, बंदी घाला, घालू नका. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. मग एक दिवस समीर मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. कोणीतरी त्या प्रसंगाचा तुकडा टाकला होता, वर लाल वर्तुळ काढून लिहिलं होतं, "एवढ्या मोठ्या सिनेमात एवढी मोठी चूक. मेलेला म्हातारा हलतो." खाली हजारो लोक खिदळत होते. एवढ्याशा पडद्यावर मला धड काही दिसलं नाही. पण वाक्य दिसलं.

मी समोर गेले. "काकू," म्हटलं, "ते हलतात."

मुलुंडला दुपारचा खेळ होता. सुरुवातीला नावं आली, त्यात काकांचं नव्हतं, ते नसणारच होतं. पहिला माणूस मेला तेव्हा काकूंनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. नंतर दोन तास त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येत होता. ते घर आलं. मुलगी आली. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडावर ओढणी धरली. मग सगळं थांबलं, आवाजही थांबला, आणि पडद्यावर फरशीवर आजोबा आणि नात, शेजारी शेजारी.

"काकू, आता बघा."

त्यांनी डोळे उघडले. एवढ्या मोठ्या पडद्यावर काका इतका वेळ आजवर कधी दिसले नव्हते. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर. दुसरा हात मुलीच्या उघड्या तळहाताजवळ पडलेला. सगळं सभागृह गारठल्यासारखं गप्प होतं. आणि त्या हाताचं एक बोट उचललं गेलं. मुलीच्या तळव्यावर एकदा टेकलं. जरा वेळ गेला. मग दोनदा. धर, आणि सोड. मुलीचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठांचा एक कोपरा वर गेला. आपण मेलेली नाही आणि आपल्याशी कोणीतरी बोलतंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकू हसल्या. दबून नाही, चांगल्या मोकळ्या, खळखळून हसल्या. पुढच्या रांगेतली बाई ओढणी धरून तशीच मागे वळली. कोणीतरी श्शू केलं. काकूंना काही ऐकू येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी त्या हसतच होत्या.

"उठले गो बाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवी उचलली. सिनेमा अजून संपायचा होता. मी कुजबुजले, "काकू, शेवटी नाव असेल. थांबायचं का?"

"कशाला?" अंधारात पायऱ्या चाचपत त्या म्हणाल्या. "चल, घरी जाऊन चहा टाकू."